लसीच्या डब्यातली गाणी

माझ्या दुकानात प्रिंटरच्या वरच्या फळीवर एक निळा डबा आहे. पांढरं झाकण, खांद्याला अडकवायचा पट्टा, आणि त्या पट्ट्याला तीन ठिकाणी दाभणानं घातलेले टाके. लस न्यायचा सरकारी डबा. झेरॉक्सला आलेला माणूस तो बघतो आणि हमखास विचारतो, "काय राव, इथं लस पन देता का?" पूर्वी मी सगळा खुलासा करत बसायचो. आता नुसतं "मंगळवारी" म्हणतो आणि त्याचं आधार कार्ड काचेवर ठेवतो.

डबा यमुना सिस्टरचा. सिस्टर म्हणजे आमच्या भागातली नर्सबाई. सगळी नोकरी जुन्नर आणि आंबेगावच्या खेड्यांत झाली, निम्मी पायी आणि निम्मी सरकारी जीपमध्ये. आज चौकात मोटरसायकलवर रेलून राजकारण बोलणारे जे चाळिशीचे बापे आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांना तिनंच या जगात आणलं, आणि त्याची आठवण करून द्यायला ती कधी संकोचली नाही. एका पुढाऱ्याला ती भर बाजारात म्हणाली होती, "तू पायाळू व्हतास. तवाच कळलं, ह्यो उलटा चालनार." आजूबाजूचे हसले. पुढारीही हसला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

निवृत्त होताना हा डबा परत करायचा असतो. तिनं केला नाही. सामान मोजून घेणाऱ्या माणसाला तिनं सांगितलं, "पट्टा तुटला तवा नवा मागितला, मिळाला न्हाई. मी शिवला. आता ह्यो माझा." त्यानं कागदावर 'नादुरुस्त' असा शेरा मारला आणि विषय मिटवला.

मी नारायणगावात कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. क्लास म्हणजे सहा मशीन, एक झेरॉक्स आणि दुरुस्तीला आलेल्या सीपीयूंचा ढीग. एका दुपारी सिस्टर वारूळवाडीहून चालत आली आणि तिनं काउंटरवर पिशवी उपडी केली. कॅसेट. ढीगभर. प्रत्येकीवर दवाखान्यातली चिकटपट्टी, तिच्यावर गावाचं नाव, बाईचं नाव आणि तारीख.

"हे कॉम्प्युटरात घालायचं शिकव," ती म्हणाली.

"मी करून देतो की सिस्टर. तुम्ही कशाला या वयात..."

"करून दे म्हनले का मी? शिकव म्हनले."

तिनं मला पहिल्या दिवसापासून 'मास्तर' म्हटलं, आणि त्यात आदर होता की चेष्टा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या कॅसेटची गोष्ट अशी. लस टोचल्यावर मूल अर्धा तास नजरेखाली ठेवायचं असतं. त्या अर्ध्या तासात आया एकतर गप्प बसायच्या, नाहीतर सासूला नावं ठेवायच्या. सिस्टरकडे एक छोटा टेपरेकॉर्डर होता. ती म्हणायची, "गप कशाला बसताय, गा की काहीतरी." मग पाळणे, हळदीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, विहारात म्हणायची गाणी, कांदा काढताना वाफ्यात म्हणायची गाणी, जे ज्या बाईच्या ओठावर येईल ते. म्हणून तिच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये मागं कुणाचं तरी पोर रडत असतं. ते रडणं सॉफ्टवेअर लावून काढून टाकतो असं मी एकदा मोठ्या उत्साहानं म्हणालो.

"ते पोर आता पोलिसात हाये," सिस्टर म्हणाली. "त्याला काढतोस?"

मी नाही काढलं.

तीन महिन्यांत ती शिकली. माउस धरताना मनगट ताठ ठेवायची, इंजेक्शन धरल्यासारखं. चुकली की स्वतःवर चिडायची, माझ्यावर नाही. पण एक कॅसेट तिनं मागं ठेवली होती. ती सगळ्यात शेवटी काढली आणि म्हणाली, "ही तू लाव." कॅसेटवर नाव होतं इठाबाई.

गाणं सिस्टरच्या माहेरच्या गावचं. घोडेगावच्या पलीकडं आहे ते गाव. नाव मी लिहीत नाही, विहीर अजून तिथंच आहे. एका दुष्काळात त्या विहिरीवर फळ्या टाकून कुलूप लागलं आणि बौद्धवस्तीतल्या बायांना पाणी बंद झालं. अकरा बाया रिकामे हंडे घेऊन विहिरीवर बसल्या. तीन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी कुलूप निघालं. इठाबाई त्यांतलीच एक, आणि गाणं तिनंच रचलं. त्यात एकेका बाईचं नाव आहे, आणि कुलूप ज्यानं घातलं त्याचंही.

पयली बसली इठा गं, दुसरी बसली भागा,
कुलपाच्या हिरीपाशी आमी मांडली जागा.

असं करत करत ते अकराव्या बाईपर्यंत येतं.

अकरावी बसली ठमा गं, तिच्या कडंवर तान्ही,
रिकाम्या हंड्यात वाजं आमच्या हक्काचं पानी.

"ठमा माझी आई," सिस्टर म्हणाली. "आन ती तान्ही म्हंजी मी."

टेपला बुरशी लागली होती. गाणं कॉम्प्युटरात पुरं उतरलं आणि पुढच्याच क्षणाला पट्टी तुटून यंत्रात गुंडाळली गेली. मी चिमट्यानं तुकडे काढत होतो. सिस्टर शांतपणे म्हणाली, "जाऊ दे. म्हातारी झाली व्हती. काम करून गेली."

मग कॉम्प्युटर चार झाले. चार का, तर पूर्वी तिच्या निम्म्या कॅसेट एका ट्रंकेत होत्या आणि ट्रंकेत उंदीर शिरले. "एका जागी ठेवलं, एका जागी गेलं," एवढंच ती त्यावर बोलायची. पहिला कॉम्प्युटर तिच्या घरी. दुसरा माहेरच्या गावी, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, तो मंदाताई नावाच्या बाई सांभाळायच्या. तिसरा मंचरला, भाचीच्या ब्युटी पार्लरमध्ये. आणि चौथा भीमाशंकरच्या रस्त्याला गेनभाऊंच्या चहाच्या हॉटेलात. गेनभाऊ म्हणजे जीपवरचे तिचे जुने ड्रायव्हर.

चारही ठिकाणी सगळी गाणी तीच, आणि याद्याही त्याच हव्यात, असा तिचा हट्ट. याद्या तिनं स्वतः लावल्या होत्या: 'हळद', 'पाळणा', 'जातं', 'कांदा', 'विहार' आणि 'विहीर'. कुठल्या गाण्यामागून कुठलं, तेही ठरलेलं. पहिल्यांदा सगळा घोळ झाला. एका मशीनवर गाणी डी ड्राइव्हला, दुसऱ्यावर ई ड्राइव्हला. यादी बिचारी ठरल्या जागी गाणं शोधायला जायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. मी तिला दोन दिवस ड्राइव्ह म्हणजे काय ते समजावत होतो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चारी घरांत मिठाचा डबा एकाच फळीवर ठेव, म्हंजी अंधारात बी घावतो." त्या एका वाक्यावर मी चारही मशीनवर सारखीच जागा केली. आजही क्लासमध्ये मी हे असंच शिकवतो, फक्त तिचं नाव सांगत नाही.

नेआण करायची ती हार्ड डिस्कवरून, आणि हार्ड डिस्क राहायची लसीच्या डब्यात. बर्फाच्या जागी जुन्या नऊवारीचे तुकडे. वार ठरलेले होते, लसीकरणाचे असतात तसे. मंगळवारी माहेर, गुरुवारी मंचर, शनिवारी गेनभाऊ. प्रत्येक कॉम्प्युटरच्या बाजूला बाळाचं असतं तसलं एक कार्ड चिकटवलेलं. त्यावर तारीख, एकूण गाणी आणि सही. त्याला ती 'डोस' म्हणायची. डोस दिला की अर्धा तास तिथंच बसायचं, 'विहीर' ही यादी लावायची आणि शेवटचं इठाबाईचं गाणं ऐकूनच उठायचं. मुलाला रिअॅक्शन येते का ते बघायला थांबतात, तसं.

एसटीत गर्दी असली की ती डबा पुढं धरायची आणि मोठ्यानं म्हणायची, "लस हाये. सरकून बसा." लोक सरकायचे. मी एकदा म्हणालो, "सिस्टर, हे खोटं झालं."

"का? रोग संपला का?" ती म्हणाली.

तिची कडक शिस्त सगळ्यात जास्त जाचायची ती गेनभाऊंना. त्यांचा कॉम्प्युटर भाविकांच्या खोल्यांच्या नोंदीसाठी घेतलेला, आणि त्यावर त्यांची स्वतःची भजनांची यादी होती. सिस्टरच्या डोसबरोबर पाळणे यायचे आणि स्पीकरवर केव्हाही सुरू व्हायचे. "पाळना लागला की गिऱ्हाईक उठंना झालंय बाकावरून," असं ते माझ्याजवळ रडायचे. तिच्यासमोर बोलायची छाती नव्हती. शनिवारी ती उतरताना दिसली की ते मेन स्विच पाडायचे आणि दारात येऊन म्हणायचे, "लाईट न्हाई ओ सिस्टर." ती कार्डावर लाल पेननं 'डोस चुकला' लिहून परत फिरायची.

आता माझा भाग येतो, तो मला लिहायला आवडत नाही.

डिस्क आणि कॉम्प्युटर जुळवायला मी तिला एक प्रोग्राम घालून दिला होता. डिस्क लावायची, खालचं हिरवं बटण दाबायचं, दोन्हीकडं सारखं. मला त्याचं फार कौतुक होतं. तो नवं गाणं इकडून तिकडं नेतो तसं पुसलेलंही नेतो, म्हणजे एका ठिकाणी काढलं की दुसऱ्या ठिकाणीही काढतो, हे मला माहीत होतं. तिला सांगायची गरज मला वाटली नाही. तिच्या गाण्यांतलं कोण काय काढणार आहे, असं मी धरून चाललो.

त्याच सुमारास तिच्या माहेरच्या गावात विलासशेठ सरपंच झाले होते. विहिरीचं सुशोभीकरण निघालं. कठडा, फरशी, दिवे, आणि संगमरवरी पाटी: 'सर्व समाजासाठी ही विहीर खुली करणारे', आणि खाली विलासशेठच्या आजोबांचं नाव. तेच नाव इठाबाईच्या गाण्यात कुलपाशेजारी होतं. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर ते गाणं दर मंगळवारी वाजायचं, खिडकीतून विहिरीपर्यंत ऐकू जायचं.

विलासशेठ माझ्याकडं आले. माणूस गोड बोलणारा. "मास्तर, उद्घाटनाला पावणं येनार. तेवढं एक गानं काढून टाका ना."

माझी मावसबहीण त्यांच्या भावकीत दिलेली आहे. पंचायतीच्या मशीनची दुरुस्ती माझ्याकडं आहे. मी म्हणालो, "बघू." 'बघू' हा शब्द आम्हा शेतीवाडीवाल्या लोकांच्या फार कामाचा आहे, त्यात हो पण बसतं आणि नाही पण. मी गाणं काढलं नाही. पण सिस्टरला सांगितलंही नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

माझ्या 'बघू'ची वाट न बघता त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी ते पुसून घेतलं. मंगळवारी सिस्टर गेली, डिस्क लावली, हिरवं बटण दाबलं. डिस्कमधलं गाणं गेलं. त्या दिवशी तिनं एक नवा पाळणाही भरला होता, त्यामुळं एक गेलं आणि एक आलं, कार्डावरचा आकडा जुळला. परतीची एसटी लवकर लागली म्हणून ती अर्धा तास बसलीही नाही. संध्याकाळी घरचा कॉम्प्युटर जुळवला, तिथलं गेलं. गुरुवारी मंचरला पार्लरमध्ये डोस दिला, तिथलंही गेलं. मग ती 'विहीर' लावून बसली. एका नवरीच्या तोंडाला लेप लावलेला, शेजारी सिस्टर डबा मांडीवर घेऊन. यादी शेवटाला आली आणि गप्प झाली.

दुपारी ती माझ्या क्लासमध्ये आली. मी कुणाचा तरी निकाल छापत होतो. ती उभीच राहिली.

"इठाबाई न्हाई," ती म्हणाली. "तिन्ही ठिकानी न्हाई. माझ्या हातानं गेली का रे मास्तर?"

मी बघितलं आणि मला सगळं समजलं. तिला खरं ते सांगितलं: प्रोग्राम काय करतो ते, विलासशेठ आले होते ते, मी 'बघू' म्हणालो ते. तिनं पहिल्यांदा विचारलं, "तुझ्याकडं असंल ना? तुझ्याच मशीनवर तर काढलं." त्या मशीनला मी पावसाळ्यात फॉरमॅट मारला होता. हेही सांगितलं.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली, डब्याचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग म्हणाली, "आईचा फोटो न्हाई माझ्याकडं. कुनी काढला न्हाई. एवढंच व्हतं तिचं, गान्यातली एक वळ."

आणि मग एकदम ताठ झाली. "गेनूला किती शनिवार झालं?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. माझ्या मोटरसायकलवर मागं बसून ती वर गेनभाऊंकडं आली. डबा तिनं घरी ठेवला होता. "ती डिस्क त्या मशीनच्या वाऱ्याला उभी करायची न्हाई," असं मला तीनदा बजावलं. बरोबर फक्त नवा कोरा पेनड्राइव्ह, रुमालात गुंडाळलेला.

आम्ही उतरलो तेव्हा हॉटेलात भजन चालू होतं, फ्रीज घरघरत होता आणि देवाच्या फोटोवरचा लाल बल्ब पेटलेला होता. गेनभाऊ गाळणी हातात घेऊन बाहेर आले आणि सवयीनं म्हणाले, "लाईट न्हाई ओ सिस्टर."

त्यांच्या मागं भजनाचं पुढचं कडवं सुरू झालं. गेनभाऊंचा चेहरा बघवेना.

"किती शनिवार खोटं बोललास गेनू?" तिनं विचारलं.

"सात," गेनभाऊ म्हणाले. "आवो, पाळना लागला की..."

"सात. बरं केलंस."

गेनभाऊंना काहीच कळलं नाही. मी कॉम्प्युटरवर बसलो. 'विहीर' उघडली. शेवटचं नाव होतं. मी दाबलं. खरखर आली, मागं एक पोर रडलं, आणि इठाबाई गायला लागली. सिस्टर अकराव्या बाईपर्यंत उभ्यानं ऐकत होती, हात बाकाच्या पाठीवर घट्ट. बाकावर दोन भाविक भजी खात होते. त्यांतला एक म्हणाला, "भजन का बंद केलं?"

"हे बी भजनच हाये," सिस्टर म्हणाली. "खा."

गाणं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. निघताना तिनं गेनभाऊंच्या कार्डावरची लाल अक्षरं खोडली नाहीत. खाली नवी तारीख घातली आणि म्हणाली, "एकदा वाचलास. आता चुकवू नको." त्यानंतर गेनभाऊंनी स्विच कधी पाडला नाही, पण भजनांची यादी त्यांनी मोबाईलवर हलवली.

घरी आल्याबरोबर तिनं मला तो प्रोग्राम बदलायला लावला. "घालायचं ते समदीकडं जाऊ दे. पुसायचं ते कुठंच जाऊ देऊ नको. एवढं येतं का तुझ्या मशीनला?" येत होतं. सेटिंगमधली एक खूण काढायची होती, अर्ध्या मिनिटाचं काम. ते मी आधीच करू शकलो असतो.

मंगळवारी ती पंचायतीत गेली. मी बरोबर होतो, ते मी स्वतःहून गेलो होतो. तेवढं तरी माझ्या बाजूनं मांडायला हरकत नाही.

विलासशेठ उठून उभे राहिले. "या सिस्टर, बसा. च्या सांगतो."

"च्या नको. गानं तू पुसलंस?"

"आवो, जुनं उकरून काय मिळनार? आज्याचं नाव हाये त्यात. आमी कधी तुमाला पानी न्हाई म्हनलं का?"

"तू न्हाई म्हनलास. म्हनून तुझं नाव न्हाई गान्यात. ज्यानं कुलूप घातलं, त्याचं हाये."

"आन खुली बी त्यांनीच केली की! पाटीवर लिवलंय."

"केली. अकराजनी तीन दिस बसल्यावर केली. ते लिव पाटीवर. अकरा नावं मी सांगते, लिहून घे."

विलासशेठ हसले, पण हसणं तोंडातच राहिलं. "सिस्टर, तुमी मोठ्या हायसा. पर कॉम्प्युटर पंचायतीचा हाये."

"हाये ना. मग तू पूस. रोज पूस. दर मंगळवारी मी येनार आन परत घालनार. तुला पयला डोस मी दिलाय इलास, ह्या मांडीत. लई रडला व्हतास, हात झाडत व्हतास. तवा बी मी थांबले न्हाई."

बाहेर मंदाताई झाडू घेऊन उभ्या होत्या. त्या झाडत नव्हत्या.

मग दीड वर्षं ते चाललं. सोमवारी विलासशेठ गाणं पुसून घ्यायचे, मंगळवारी सिस्टर घालायची. त्यांनी पासवर्ड लावला. मंदाताई सिस्टरला म्हणाल्या, "मी काय पासवर्ड सांगनार न्हाई बाई, माझी नोकरी जाईल," आणि वही उघडी टाकून अंगणात पाणी मारायला गेल्या. शेठनी स्पीकर काढून नेले. सिस्टरनं आपला टेपरेकॉर्डरमधला जुना स्पीकर मला जोडून द्यायला लावला. उद्घाटन झालं, पाहुणे आले, फीत कापली, पाटी लागली. त्या दिवशी मंगळवार नव्हता, म्हणून ती गेली नाही. "माझा वार न्हाई," एवढंच म्हणाली. पुढच्या मंगळवारी गेली. कार्डावर तारखा खाली खाली सरकत गेल्या, कार्ड संपलं, दुसरं चिकटवलं.

मी तिला सुचवून बघितलं. "सिस्टर, हे सगळं इंटरनेटवर टाकू. एकदा टाकलं की चारही ठिकाणी आपोआप. तुम्हाला हिंडायला नको, कुणी पुसायला नको."

"आपोआप काय व्हतं ते बघितलंय मी," ती म्हणाली. "मानसानं मानसाच्या दारात जावं. मी गेले न्हाई तर त्याला कसं कळंल, मी इसरले न्हाई ते?"

पुढं तिचे पाय सुजायला लागले. मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. मंचरच्या डॉक्टरनं प्रवास बंद सांगितला. डॉक्टर तिच्याच हातचा, तिनं त्याचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंगळवार सोडून ना?" गुरुवार तिनं भाचीवर सोपवला, शनिवार गेनभाऊंवर, ते स्वतः डिस्क न्यायला खाली यायला लागले. मंगळवार तिनं कुणाला दिला नाही.

एका मंगळवारी मी बरोबर गेलो, पंचायतीचा प्रिंटर अडकला होता ते निमित्त. डबा मी घेतो म्हणालो तर तिनं पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला. स्टँडपासून वाचनालयापर्यंत ती तीन वेळा थांबली, त्यांतलं एकदा विहिरीच्या नव्या कठड्याला टेकून. पाटीकडं तिनं बघितलं नाही. कठडा हातानं चाचपला आणि म्हणाली, "बसायला बरा केलाय."

वाचनालयात ती कॉम्प्युटरसमोर बसली. यादी उघडली आणि तिचा हात थांबला.

"मंदा, हे हितं कसं?"

इठाबाईचं गाणं जाग्यावर होतं. काल सोमवार होऊन गेला होता, तरी होतं.

मंदाताईंचा चेहरा फुलला होता. बातमी सांगायला त्या सकाळपासून वाट बघत असणार. "काल पुसलंच न्हाई सिस्टर! मी इचारलं शेठला, पुसायचं का. तर म्हनले, 'ऱ्हाऊ द्या आता. म्हातारीची तब्येत बरी न्हाई.'"

मला वाटलं, जिंकली. मी तिच्याकडं बघितलं, आणि ती रागानं लाल झाली होती.

"ऱ्हाऊ द्या म्हननारा ह्यो कोन?" ती म्हणाली.

तिनं त्या गाण्यावर माउस नेला, मनगट ताठ करून, आणि ते पुसलं. स्वतः. मंदाताई "आवो आवो" करत पुढं आल्या. सिस्टरनं डबा उघडला, नऊवारीच्या तुकड्यातून डिस्क काढली, लावली आणि आपलं गाणं परत घातलं. शांतपणे, सगळ्या पायऱ्या करून. मग कार्डावर तारीख लिहिली, आकडा लिहिला, सही केली.

"त्याच्या दयेचं नको मला तिथं," ती म्हणाली. "त्या बाया दयेला बसल्या न्हवत्या. ह्यो माझ्या हातचा डोस. त्याला सांग मंदा, पुसायचं असंल तर पूस म्हनावं. मी पुढल्या मंगळवारी येते."

मग ती नेमानं अर्धा तास बसली. 'विहीर' लावली. खिडकी उघडी होती.

पुढच्या मंगळवारी ती दवाखान्यात होती, आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी नव्हती. शनिवारी गेनभाऊ तिच्या घरून डबा घेऊन आले, तो माझ्या हातात दिला आणि बाकावर बसून मुलासारखे रडले. मंगळवार मी घेतला. विलासशेठ आता गाणं पुसत नाहीत. मी गेलो की ते बाहेर येतात आणि मी काय करतो ते बघत उभे राहतात. मी त्यांच्यादेखत आधी ते पुसतो आणि मग डब्यातून काढून घालतो. पाटीवर अकरा नावं अजून आलेली नाहीत.

पण मला ती आठवते ती त्या शेवटच्या मंगळवारची. प्रिंटर उघडा पडलेला होता म्हणून मी मागं राहिलो आणि तिला एसटीत बसवून दिलं. बाजार सुटला होता. गाडी कांद्याच्या पिशव्यांनी आणि माणसांनी खच्चून भरलेली. वर चढताना तिला दोघांनी हात दिले, ते तिनं घेतले, तेवढीच ती थकली होती. मी खिडकीखाली उभा राहून आत बघत होतो. मधल्या सीटवर तीन जण पाय पसरून बसले होते, कुणी हललं नाही. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पुढच्या गाडीनं या, जागा न्हाई."

सिस्टरनं डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला, पाय रोवले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लस हाये. सरकून बसा."

लोक सरकले.